बोर्डिंगचे दार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. भगिनींच्या आग्रहावरून स्मरणिकेत छापले आहे.)



महिन्यापूर्वी आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, साठ मुलींना भाजी पुरेल की नाही, एवढाच हिशेब मी जन्मभर केला. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "मग तोच हिशेब सांगा." त्यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून आज मी आपल्यापुढे उभी आहे. मी काही वक्ती नव्हे. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून मी पुष्कळ वर्षे काम केले आणि २०२४ मध्ये निवृत्त होऊन येथे नगरला राहावयास आले. त्याच साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले; पण जिभेवर अजून 'नगर'च येते, त्याची आपण क्षमा करावी.

विषय निवडताना फार शोधावे लागले नाही. या वर्षात आपल्या मंडळातल्या तीन-चार भगिनींनी मला एकच प्रश्न विचारला, "बाई, मुलाला बोर्डिंगात ठेवावे का?" पूर्वीही हा प्रश्न येत असे. पण कोरोनाच्या साथीनंतर तो विचारण्याची तऱ्हा पालटली आहे आणि विचारणारी माणसेही पालटली आहेत. त्याविषयी चार शब्द बोलावे, असे ठरविले.

प्रथम मार्च २०२० ची आठवण सांगते. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात शाळा बंद करण्याचा हुकूम आला. मुलींना घरी पाठवावयाचे होते. कोणाचा बाप न्यायला आला, कोणाचा मामा आला. ज्यांचे कोणी आले नाही त्यांना एस.टी.त बसवून दिले. दहावीच्या मुली तेवढ्या परीक्षेसाठी ठेवून घेतल्या होत्या. त्यांचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. पुढे तो रद्दच झाला. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, त्यानंतर एस.टी. थांबली आणि २५ तारखेपासून सारा देश बंद झाला. रिकाम्या वसतिगृहात मी आणि आमची स्वयंपाकीण अशा दोघीच उरलो. दोरीवर एका मुलीचा वाळत घातलेला परकर राहून गेला होता. तो मी घडी करून तिच्या ट्रंकेवर ठेवला. महिन्या-दोन महिन्यांत ती येईल, असे वाटले होते.

भगिनींनो, साथ आणि बोर्डिंग यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. आणि मौज अशी की ते पूर्वी अगदी उलट होते. ते थोडे सांगते, म्हणजे पुढचे बोलणे नीट लागेल.

मुलींच्या शिक्षणाशी आपल्या गावाचा संबंध फार मोलाचा आहे. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाईंची मुलींची शाळा नगरला चालत असे. ती पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण नगरलाच फरारबाईंच्या संस्थेत घेतले. पुढे १८७७ च्या दुष्काळात याच जोडप्याने पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालविला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई आजारी माणसांना आपल्या मुलाच्या दवाखान्यात आणू लागल्या. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी आणले आणि त्यातच त्यांना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

त्याच सुमारास पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या मुली मध्य प्रांतातून आणल्या. पुण्यात प्लेगची बंधने होती. म्हणून त्यांनी त्या मुलींना केडगावच्या शेतावर नेले. हे केडगाव दौंडजवळचे, आपल्या नगरशेजारचे नव्हे. अण्णासाहेब कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ मध्ये पुण्यात निघाला, आणि प्लेगच्या त्या दिवसांतच, १९०० साली, गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. पुढे साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढले. तेथे धान्य संपले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी दिले, ही गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा आज आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत.

हे सांगण्याचे कारण असे की, त्या काळी संकट आले म्हणजे आश्रमाचे दार उघडत असे. घर मोडले की मूल आश्रमात येई. या वेळी संकट आले आणि सगळ्यांत आधी दार बंद झाले ते बोर्डिंगचे. त्याला कारणही होते. एका खोलीत दहा मुली, एका पंगतीत साठ. एकीला खोकला झाला की साऱ्यांना. रोग नवा, औषध नाही, लस नाही. हुकूम काढणाऱ्याला मी दोष देत नाही. परंतु 'घरी जा' असे सांगताना, प्रत्येकीला घर आहे, त्या घरात अभ्यासाला कोपरा आहे, दोन वेळचे जेवण आहे आणि राखण करणारे माणूस आहे, असे आपण गृहीत धरले. ते गृहीत चुकीचे होते. मला आज जे सांगायचे आहे त्याचे मूळ येथे आहे.

आता या साथीने बोर्डिंगच्या मागणीचे काय केले ते पाहू. वर्तमानपत्रात वाचले तर वाटते की मागणी पडली आणि पुन्हा चढली, बस्स. पण मागणी म्हणजे शेवटी माणसे. दारात उभी राहणारी माणसे मी पाहिली. ती तीन प्रकारची होती.

पहिला प्रकार पैसे भरून मूल ठेवणाऱ्यांचा. आपल्या जिल्ह्यात प्रवरानगर, कोपरगाव, कोकमठाण या बाजूला मोठ्या निवासी शाळा आहेत. दूरदूरची मुले तेथे असतात. २०२० च्या जूनमध्ये या पालकांनी हात आखडला. शाळाच बंद, अभ्यास मोबाइलवर. मग खोली आणि खाणावळ यांचे पैसे कशाला? अनेकांचा धंदाही बसला होता. फीचे तंटे इतके वाढले की १२ ऑगस्ट २०२१ रोजी सरकारला त्या वर्षाची खासगी शाळांची फी १५ टक्के कमी करण्याचा आदेश काढावा लागला. 'असर' नावाची शिक्षणाची जी पाहणी होते, तिच्यात असे दिसले की देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळेत नाव असलेली मुले २०१८ मध्ये शेकडा ६४.३ होती, ती २०२१ मध्ये ७०.३ झाली. म्हणजे पैशाची शाळा सोडून माणसे गावच्या शाळेकडे वळली.

भीतीही काही खोटी नव्हती. मे २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यात अठरा वर्षांखालील आठ हजारांवर मुलांना लागण झाल्याची बातमी देशभर छापून आली होती. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर, डिसेंबर २०२१ च्या अखेरीस, पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयात आधी काही मुले आणि मग तपासणी वाढविताच पन्नासाच्या आसपास मुले बाधित निघाली. मुलांना वेगळे ठेवून उपचार झाले. पण 'एका मुलाला झाले की वसतिगृहाला होते' ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांपुढे आली.

आणि तरीही २०२२ च्या जूनपासून हेच पालक परत आले. माझ्या एका पुतणीचे उदाहरण सांगते. तिने २०२० मध्ये मुलाला निवासी शाळेतून काढून घरी आणले. दोन वर्षांनी तीच माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, याला कुठेतरी बोर्डिंगात घाला. हातातला मोबाइल सुटत नाही, रात्री दोनला झोपतो, बापाला उलट बोलतो." मी तिला म्हटले, "अग, मुलाला बोर्डिंगात घालतेस की मोबाइलला घराबाहेर काढतेस?" ती हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिला मी सांगितले तेच आपणांस सांगते. शिस्त लागावी म्हणून पाठविलेले मूल, ती आपल्याला मिळालेली शिक्षा आहे असे समजते. आधी घरात दोन महिने सारी मिळून एक वेळ ठरवा, मोठ्यांचेही मोबाइल त्या वेळी फडताळात जाऊ द्या. मग मुलाला विचारा. त्याने जावेसे म्हटले तर जरूर पाठवा. पुतणीने ऐकले. मुलगा घरीच राहिला आणि येथल्याच शाळेत जाऊ लागला. फार हुशार निघाला असे नव्हे. पण रात्री झोपतो, एवढे झाले.

दुसरा प्रकार, ज्यांचे घर साथीने मोडले त्यांचा. हा प्रकार साथीपूर्वी आमच्या दाराशी इतका नव्हता. जून-जुलै २०२१ मध्ये पांढऱ्या कपाळाच्या तरुण बायका मुले घेऊन येऊ लागल्या. नवरा आठ-दहा दिवसांच्या आजारात गेलेला, दवाखान्याच्या बिलापायी कर्ज झालेले, सासरची माणसे जमिनीचा कागद दाखवीत नाहीत, आणि हिला तर कामाला बाहेर पडलेच पाहिजे. मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवणार? एक बाई मला म्हणाली, "मला फुकट नको, बाई. मी इथे भाकरी थापते, पण हिला ठेवून घ्या."

या बायकांची हाक कोणी ऐकलीच नाही असे नाही. अकोल्याचे हेरंब कुलकर्णी यांनी पुढाकार घेऊन कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली, आणि तिचे काम आपल्या जिल्ह्यापुरते न राहता राज्यभर पसरले. सरकारनेही योजना काढल्या. पण त्यांतली एक मेख आपण समजून घेतली पाहिजे. केंद्र सरकारची मुलांसाठीची पीएम केअर्स योजना मे २०२१ मध्ये जाहीर झाली. तिच्यात ११ ते १८ वर्षांच्या मुलांना नवोदय किंवा सैनिकी शाळेसारख्या निवासी शाळेत प्रवेश देण्याची सोय आहे. परंतु ती आई-बाप दोन्ही गेलेल्या, किंवा उरलेला एकही गेलेल्या मुलांसाठी. ज्याचा बाप गेला आणि आई आहे, असे मूल तिच्यात बसत नाही. कायद्याच्या कागदावर त्याला आई आहे. पण आई सकाळी सातला कामावर जाते आणि संध्याकाळी सातला येते, हे कागदाला कोठून कळणार? अशा मुलांना राज्याची बालसंगोपन योजना लागू होते. तिची रक्कम महिना ११०० रुपये होती, ती २०२३ मध्ये २२५० झाली. ती जरूर घ्यावी. आपल्या गल्लीत कोणी अशी बाई असेल तर तिला महिला व बालविकास कार्यालयाचा रस्ता दाखवावा. मात्र पैसा आला म्हणून राखण येत नाही, हेही तितकेच खरे.

तिसरा प्रकार, ज्यांना बोर्डिंगवाचून शाळाच नाही त्यांचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या आसपास कोयते निघतात. नवराबायकोचे मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला सहा महिने कारखान्याच्या फडावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायचे. पोरगी मागे ठेवावी तर म्हातारी थकलेली; बरोबर न्यावी तर शाळा गेली. या लोकांसाठी बोर्डिंग म्हणजे इंग्रजी किंवा शिस्त नव्हे. बोर्डिंग म्हणजे रात्री कडी लागणारे दार. तिकडे अकोल्याच्या डोंगरात, राजूरच्या प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांतील मुलांचेही तेच. शाळा मोबाइलवर आली म्हणतात, पण पाड्यावर मोबाइल नाही, आणि असला तर रेंजसाठी टेकडी चढावी लागे. कित्येक शिक्षक पुस्तके घेऊन पाड्यांवर गेले, हे त्यांचे ऋण मानले पाहिजे. परंतु आश्रमशाळेत अभ्यासाबरोबर जेवणही होते, ते काही शिक्षकाच्या पिशवीत मावत नाही.

पाहा भगिनींनो, गंमत नव्हे, दुर्दैव कसे असते ते. ज्यांना बोर्डिंग सोयीचे होते त्यांची मागणी साथीत घटली, कारण त्यांना दुसरे घर होते. ज्यांना ते गरजेचे होते त्यांची गरज त्याच दिवसांत दुप्पट झाली, आणि त्यांच्याकडून अर्ज आला नाही. अर्ज आला नाही म्हणून आम्ही समजलो की मागणी नाही.

आता मी आपणांस माझी स्वतःची चूक सांगणार आहे. सभेत सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण नुसती दुसऱ्यांची कर्तव्ये सांगून खाली बसणे मला बरे वाटेना.

मघाशी ज्या परकराची गोष्ट सांगितली, त्या मुलीची ही हकिगत. ती नववीत होती. आई-बाप ऊसतोडीला जात. गणितात चांगली, आणि पंगतीत वाढायला नेहमी पुढे. २०२० च्या दिवाळीत तिचा फोन आला. स्वतःचा नव्हे, कोपीशेजारच्या कोणा माणसाचा मागून घेतलेला. आई-बापांनी तिला बरोबर फडावर नेले होते. ती म्हणाली, "बाई, बोर्डिंग कधी उघडणार? दहावीचे पुस्तक माझ्याकडे नाही." मी सांगितले, "अजून हुकूम नाही ग. थोडी थांब."

पुढे २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी मिळाली. पण गावची परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा असे होते. आमच्या संस्थेने वसतिगृह उघडायचे नाही असे ठरविले. बैठकीत मला मत विचारले होते. मला मधुमेह, स्वयंपाकीण साठीची, जवळ मोठा दवाखाना नाही. मी म्हणाले, "जूनपर्यंत थांबलेले बरे." माझे म्हणणे अगदी गैर होते असे आजही मला वाटत नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर त्या मुलीला फोन करून, 'तू माझ्याकडे राहायला ये, वसतिगृह बंद असले तरी माझे घर उघडे आहे,' एवढे मी म्हणू शकले असते. माझ्या दोन खोल्या होत्या. एका मुलीने मला काय जड झाले असते? ते मला सुचले नाही. सुचले नाही असे तरी का म्हणू? सुचले होते, भीतीने मी ते बाजूला सारले.

नंतर तो फोन लागेना. २०२१ च्या पावसाळ्यात गावाकडची एक बाई भेटली, तिच्याकडून कळले की फेब्रुवारीतच मुलीचे लग्न लावून दिले. तेव्हा ती सोळा वर्षांचीही झाली नव्हती. बाप म्हणाला म्हणे, "शाळा बंद, बोर्डिंग बंद. फडावर तरणी पोर किती दिवस सांभाळायची?" अठरा वर्षांआधी मुलीचे लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, १०९८ या क्रमांकावर कळविले तर मदत येते, हे सर्व मला माहीत होते. माहीत असलेले ज्ञान वेळेवर उपयोगी पडले नाही, एवढेच.

जून २०२२ मध्ये वसतिगृह भरले तेव्हा अर्जांचा गठ्ठा जागांच्या दुपटीहून जाड होता. सर्व म्हणत होते, मागणी वाढली, चांगले झाले. मी मात्र ट्रंकेवरचा तो परकर काढून कपाटात ठेवला.

पुढच्या जूनमध्ये, म्हणजे २०२३ साली, ती आली. कडेवर वर्षाचे मूल आणि हाताशी धाकटी बहीण. मी तिला बसायला सांगितले, चहा केला. तिने तक्रार केली नाही. बहिणीचा दाखला माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाई, हिला घ्या." मग जरा थांबून म्हणाली, "आणि पुन्हा तसे काही आले तर हिला घरी धाडू नका."

भगिनींनो, मी तिला वचन देऊ शकले नाही. सरकारी हुकूम आला तर माझ्या हाती काय? बहिणीला मी घेतले. ती अजून तेथेच शिकते आहे. पण त्या वाक्याचे उत्तर मी अद्याप दिलेले नाही. ते एकटीने देता येण्यासारखेही नाही. म्हणून ते मी आज मंडळापुढे आणले आहे.

त्याआधी ज्यांनी मला प्रश्न विचारला त्या भगिनींसाठी थोडे व्यवहाराचे बोलते. मूल बोर्डिंगात ठेवावयाचे असेल तर इमारतीचा रंग पाहू नका. रात्री मुलांजवळ कोण झोपते, ते विचारा. मुलींच्या वसतिगृहात राहणारी बाई असलीच पाहिजे. आजारी मुलासाठी वेगळी खोली आहे का, डॉक्टर किती दूर, हे पाहा. दोन खाटांमध्ये माणूस जाईल एवढी जागा हवी, खिडकी उघडणारी हवी. संडास आणि पिण्याचे पाणी स्वतः जाऊन पाहावे. स्वयंपाकघरात डोकवायला लाजू नये. मुलाला घरी बोलता येईल असा दिवस ठरलेला असावा. आणि साथीने शिकविलेला नवा प्रश्न असा की, उद्या शाळा अचानक बंद झाली तर मुलाला कोण पोहोचविणार, अभ्यास कसा चालणार आणि भरलेल्या पैशांचे काय? हे लेखी घ्या.

ज्यांना पैसे भरणे शक्य नाही त्यांनी नवोदयचा विचार करावा. तेथे सहावीला ८० मुले घेतात, निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश मुलींना असतात, राहणे-जेवणे फुकट. परीक्षा पाचवीत असताना द्यावी लागते आणि ती एकदाच देता येते. साथीच्या वर्षी ही परीक्षा पुढे ढकलत ढकलत ११ ऑगस्ट २०२१ रोजी झाली. ज्यांची पाचवी सगळी घरात गेली, त्यांची तीच पहिली आणि तीच शेवटची संधी होती. म्हणून आपल्या कामवाल्या बाईच्या, भाजीवाल्या मावशीच्या गावाकडे कोणी पाचवीतले मूल असेल तर मुदत कधी संपते ते आपण सांगावे, अर्ज भरून द्यावा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने जून २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याचे ठरविले. पहिल्या यादीत आपल्या जिल्ह्यातील पाथर्डी आणि जामखेड आहेत. साथीच्या दिवसांतच हा निर्णय झाला, यावरून मागणी खरी कोठे होती ते दिसते. अशा वसतिगृहाची बातमी फडावरच्या कोपीपर्यंत नेणारे माणूस लागते. ते माणूस आपण व्हावे.

आता माझी मंडळाला विनंती. आपण वर्षातून हळदीकुंकू करतो, सहल काढतो, भजनाच्या स्पर्धा घेतो. हे सर्व चालावे. त्यात आनंद आहे. त्याच्या जोडीला एक काम घ्यावे. नगरच्या आसपास मुलींची जी वसतिगृहे आहेत, त्यांतील एकेका मुलीची एकेका भगिनीने 'गावातली मावशी' व्हावे. वसतिगृहाच्या संमतीने आणि मुलीच्या आई-बापांच्या लेखी परवानगीने. महिन्यातून एकदा भेटावे, फोन करावा, तिच्या घरचा, शेजाऱ्याचा, मुकादमाचा असे तीन क्रमांक वहीत लिहून ठेवावे. आणि पुन्हा कधी तसा प्रसंग आला, बोर्डिंगचे दार बंद झाले, तर जिला घर नाही तिने चार महिने मावशीकडे राहावे. आपल्या घरात मुलगा पुण्याला, मुलगी सासरी, अशी एक खोली रिकामी असतेच.

खर्च मोठा नाही. लक्ष्मीबाईंसारखे मंगळसूत्र द्यावे लागणार नाही. एक अंथरूण, एक ताट, आणि भीती वाटत असताना दार उघडण्याचे धैर्य, एवढेच पुरे. त्यातले पहिले दोन आपल्यापाशी आहेत. तिसरे माझ्यापाशी एकटीपाशी नव्हते. पण चाळीस जणी मिळून ते आणता येईल, असा मला भरवसा वाटतो.

सभा संपल्यावर चिटणीसबाईंच्या टेबलावर एक वही ठेवलेली आहे. पहिले नाव मी माझे लिहिले आहे आणि त्यापुढे त्या धाकट्या बहिणीचे. तिच्या ताईने विचारले त्याचे माझ्यापुरते हे उत्तर. बाकीची पाने कोरी आहेत.